गरम पाण्याची जागा

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साली जी थंडी पडली तशी पुढे कधी पडली नाही. अजूनही तिकडे एखाद्याचं वय काढायचं झालं की म्हातारी माणसं विचारतात, थंडीच्या सालाच्या आधीचा का नंतरचा? पहाटे पानांवर पांढरं साचायचं आणि ऊन वर आलं की तीच पानं शिजवल्यासारखी काळी होऊन लोंबायची. ओढ्याच्या दोन्ही अंगांच्या फळबागा जळाल्या. बागांवर पोट असलेली माणसं सकाळी अंगावर पोती घेऊन रस्त्याच्या कडेला उभी राहायची आणि कुणी बोलवायला आलं नाही की तशीच घरी परतायची.

त्यांत उतारावरच्या दोन खोल्यांच्या घरातला थोरला होता. तो दुसऱ्याच्या बागेत माळी. मालकाने त्याला जळालेली झाडं तोडायला लावली आणि तोडून झाल्यावर म्हणाला, "आता तुला कशावर ठेवू?" त्या दिवसापासून थोरला घरी बसून सरपण फोडू लागला. लागेल त्याहून किती तरी जास्त फोडायचा. धाकटा भाऊ लांब डोंगरात खडी फोडायच्या कामावर होता, तो कधीमधी यायचा. घरात म्हातारी आई, दोन सुना आणि थोरल्याची मुलगी. म्हातारी सुनांना नावाने हाक मारत नसे. मोठी आणि धाकटी. हळूहळू बाहेरचीही माणसं तसंच म्हणू लागली.

मोठीला दुखणं होतं. मुलगी रांगत होती तेव्हापासून तिची बोटं सकाळी आखडायची. उठली की दोन्ही हात छातीशी धरून बसून राहायची. पेरं सुजलेली, मनगटं तापलेली. मुलीच्या सदऱ्याचं बटण लागायचं नाही, भांड्याचं झाकण निघायचं नाही. दाराची कडी थोरला काढायचा. ऊन चढलं की बोटं हळूहळू सुटायची. मोठ्या गावच्या दवाखान्यातल्या डॉक्टरने सांगितलं होतं, "हा संधिवात आहे. जाणार नाही, सोबत राहील. गोळ्या चालू ठेवा आणि हात गरम ठेवा."

"सोबत राहील म्हणजे सवतच म्हणा की," मोठी म्हणाली होती. डॉक्टर हसला. थोरला हसला नाही.

हे दुखणं घराबाहेर कुणाला माहीत नव्हतं. म्हातारीने तशी सक्त ताकीदच दिली होती. "उद्या हिच्या पोरीला कोण करून घेईल?" असं ती म्हणायची. ही बाई नुसती कठोर नव्हती. मोठीच्या वाटचं दळण तिने कितीदा तरी गुपचूप केलं होतं. पण करता करता बोलायचीही. "आम्ही आणली दोन हातांची, हात निघाले आंघोळीपुरते."

थोरला घरी बसला तेव्हा मोठी काम शोधायला निघाली. आधी रोपवाटिकेत गेली. तिथे पिशव्यांत माती भरायची होती. मातीवरच बर्फाची साय होती. दुपारपर्यंत तिच्या पुढ्यात इतरांच्या निम्म्याही पिशव्या झाल्या नाहीत. रोपवाटिकेवाला म्हणाला, "बाई, तुम्ही मातीला गोंजारताय का भरताय?" बाया हसल्या, तीही हसली आणि दुसऱ्या दिवशी गेली नाही.

मग शिंप्याकडे. काजं-बटणं करायला बाई हवी होती. शिंप्याने सुई आणि दोरा पुढ्यात ठेवला. सकाळची वेळ. सुई चिमटीत ठरेना. दुकानात कपडे न्यायला आलेली माणसं उभी होती.

"डोळे अधू झालेत वाटतं," शिंपीण म्हणाली.

"हो, जरा कमी दिसतं," मोठी म्हणाली. हातांपेक्षा डोळे बरे, असं तिला वाटलं.

शिंपी भला माणूस. त्याने नाकावरचा चष्मा काढून तिला दिला. "घ्या, हा लावून बघा. लाजायचं नाही."

त्या जाड भिंगांतून तिला सुई दिसेना, दोरा दिसेना, शिंपीही दिसेना. पण आता खोटं बोलून बसली होती. चष्मा लावून ती बराच वेळ ओवत राहिली. कुणी तरी मागून म्हणालं, "अहो, गिऱ्हाईक खोळंबलंय." तेव्हा तिने चष्मा काढून ठेवला, भिंग पुसलं आणि उठली. घरी येऊन थोरल्याला हे सांगितलं तेव्हा सांगता सांगता तिला हसू आवरेना. थोरला कुऱ्हाड घेऊन बाहेर गेला.

ओढ्यापलीकडे रेशमाची शेड होती. लांबच लांब पत्र्याचं छप्पर, आत दोन्ही बाजूंना ओळीने भट्ट्या आणि प्रत्येक भट्टीवर पितळेचं घंगाळ. घंगाळातल्या गरम पाण्यात रेशमाचे कोष भिजत पडायचे. बाईने कुंच्याने ढवळून कोषांची टोकं वर काढायची, चार-पाच टोकं मिळून एक धागा करायचा आणि तो मागच्या चाकावर चढवायचा. कोष संपला की हात घालून दुसऱ्याचं टोक जोडायचं. शेडमध्ये सदा वाफ आणि मेलेल्या किड्यांचा वास. नव्या बाईला पहिल्या दिवशी उलटी व्हायचीच. बोटांची साल निघायची. म्हणून तिथे बाया टिकत नसत, आणि म्हणूनच तिथे नेहमी जागा असायची.

मुकादम एकावर एक दोन स्वेटर घालणारा, सतत खोकणारा माणूस होता. त्याने मोठीला एका रिकाम्या घंगाळापाशी बसवलं. "टोक शोध, बघू."

मोठीने जीव मुठीत धरून हात पाण्यात घातले. मूठ तरी कुठे होत होती तिची. पाणी चांगलंच कढत होतं. क्षणभर तिचा श्वास अडकला आणि मग आत कुठे तरी काही तरी सुटलं. एकेक पेर सैल होत गेलं. अंगठा हलला, मग मधलं बोट, मग सगळीच. तिने कुंचा फिरवला, कोष उलटे-सुलटे झाले आणि कोळ्याच्या जाळ्याहून बारीक टोक तिच्या चिमटीत आलं. सकाळच्या वेळी आपली बोटं कधी अशी चालली होती हे तिला आठवेना. डोळ्यांत पाणी आलं ते वाफेचं म्हणून खपून गेलं.

"हिला चटका लागत नाही का रे?" मुकादम कुणाला तरी म्हणाला. "बस उद्यापासून."

शेजारच्या घंगाळावर एक म्हातारी बसायची. तिला सगळी फुंकरी म्हणत, कारण ती प्रत्येक गोष्टीवर फुंकर घालायची. पाण्यावर, बोटांवर, जेवणावर, गार पडलेल्या चहावरसुद्धा. प्रत्येकीच्या शेजारी एका वाटीत गार पाणी असे, बोटं भाजली की बुचकळायला. फुंकरीची वाटी दिवसात किती तरी वेळा बदलली जायची. मोठीची सकाळी भरलेली वाटी संध्याकाळी तशीच असायची.

"काय गं," फुंकरी एकदा हळूच म्हणाली, "तुझी वाटी आहे का देवघरातलं तीर्थ? हात लावत नाहीस तो."

मोठीने कुंचा पाण्यात फिरवला.

"नको सांगू. मला दिसतं सगळं, पण बोलायचा कंटाळा."

एकच अडचण होती. घरापासून शेडपर्यंत चालत येताना थंडीने हात पुन्हा लाकूड व्हायचे, आणि भट्ट्या पेटून पाणी तापेपर्यंत सगळ्या बायांनी कोष निवडायचे असत. ते निवडणं मोठीला जमायचं नाही. म्हणून तिने मुकादमाला सांगितलं, "भट्ट्या मी येऊन पेटवत जाईन. सगळ्या येईपर्यंत पाणी तयार." थोरला तिच्याबरोबर अंधारात यायचा, लाकडं रचून द्यायचा, काडी ओढायचा आणि कुणी यायच्या आत निघून जायचा. बाया यायच्या तेव्हा मोठी घंगाळात हात घालून बसलेली असायची आणि तिची बोटं लोण्यासारखी झालेली असायची.

मुकादमाला वाटलं, काय ही बाई. सगळ्यांच्या आधी येते, सांगायला न लागता काम करते, चटक्याला भीत नाही, तोंडातून तक्रार नाही. "हिच्याकडून शिका," असं तो उशिरा येणाऱ्या बायांना सुनवायचा. त्या मोठीकडे रागाने बघायच्या. मोठीला त्या रागाचंही सुख वाटायचं. धडधाकट माणसावरच असं कुणी जळतं.

ते दिवस चांगले होते. संध्याकाळी परतताना तिच्या अंगाला किड्यांचा वास यायचा आणि मुलगी नाक धरायची. म्हातारी मुलीच्या पाठीत धपाटा घालायची. "त्याच वासावर जेवतेस." म्हातारी आता मोठीला वरणातलं तळचं घट्ट वाढायची. धाकटी तिच्या बोटांना तेल चोळायची. धाकटी स्वभावाने वाईट नव्हती. नवरा लांब, घरात स्वतःचं म्हणावं असं काही नाही, मूल नाही. तेल चोळता चोळता ती विचारायची, "तिथे बाया काय काय बोलतात हो, जाऊबाई? हसतात का?"

"हसतात की. पाण्याच्या आवाजात कुणाला ऐकू जात नाही."

थंडी अजून होती तेव्हाच एक दिवस मुकादमाने मोठीला बाहेर बोलावलं. शेडचे मालक आले होते. मुकादम खोकत खोकत म्हणाला, "हीच ती." मग तिच्याकडे वळून, "उद्यापासून तू कोरड्या खोलीत."

कोरडी खोली म्हणजे शेडच्या टोकाची पांढऱ्या भिंतींची खोली. चाकावरून उतरलेल्या रेशमाच्या लड्या तिथे जायच्या. तुटलेली टोकं हेरून दिसणार नाही अशी गाठ मारायची, लडी साफ करायची, पीळ द्यायचा. बसायला खुर्ची, अंगात स्वच्छ डगला, वास नाही, वाफ नाही. धूर लागून रेशीम पिवळं पडू नये म्हणून तिथे भट्टी नसायची आणि उजेडासाठी खिडक्या उघड्या. वर्षानुवर्षं घंगाळावर बसलेल्या बाया त्या खोलीसाठी झुरायच्या.

मोठी घाईने म्हणाली, "मी इथंच बरी आहे."

"बरी काय? लोक दारात उभे राहतात त्या जागेसाठी."

"फुंकरीबाईंना द्या. त्या जुन्या आहेत."

"तिचे हात गेलेत. तिथे हात लागतात चांगले." मुकादमाचा चेहरा उतरला. मालकांसमोर त्याने शब्द टाकला होता. "उद्यापर्यंत विचार कर. नाही म्हणणाऱ्या माणसाला मी दुसऱ्यांदा विचारत नाही, आणि मग आहे तिथे ठेवीनच असंही नाही."

त्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर सगळी चुलीपाशी बसली.

"सांगून टाक खरं," थोरला म्हणाला. "म्हणावं, हात असे आहेत, गरम पाण्यातच चालतात."

"आणि मग?" म्हातारी म्हणाली. "रोगी बाई ठेवतील ते? आज वर बसवतायत, उद्या पाठवतील घरी. तू बसलास घरी ते पुरे आहे की."

थोरल्याने चुलीत आणखी एक लाकूड घातलं.

"दुपारी सुटतात ना हिची बोटं? सकाळची वेळ कशी तरी काढायची. थंडी काय जन्मभर राहणार आहे? आणि ती घंगाळाची जागा आहे, ती कशाला परक्याच्या घशात घालायची?" म्हातारीने धाकटीकडे पाहिलं. "हिला बसवा तिथे. मोठीचं नाही जमलं तर दोघी अदलाबदल करतील. जागा घरातच राहील."

सगळ्यांना ते पटलं. खरं म्हणजे मोठीलाही पटलं. धाकटीने मान खाली घातली होती, पण तिचे कान लाल झाले होते.

दुसऱ्या दिवशी मोठीनेच मुकादमाला विनवलं. "मी जाते खोलीत. पण माझ्या जागेवर माझ्या जावेला घ्या."

"घेतो," मुकादम खूश होऊन म्हणाला. "तुझ्याच घरची म्हणजे बघायलाच नको."

धाकटीला पहिल्या दिवशी उलटी झाली. दुसऱ्या दिवशी बोटं भाजली. फुंकरीने तिच्या बोटांवर फुंकर घातली आणि मोठीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हिची वाटी मात्र लागते हो."

कोरड्या खोलीत सकाळी मोठी खुर्चीत बसायची आणि समोर लडी टांगलेली असायची. खिडकीतून येणारा वारा बोटांच्या हाडांत शिरायचा. रेशमाचा धागा दिसायचा, टोक दिसायचं, पण चिमूट व्हायची नाही. दोन टोकं एकमेकांजवळ आणायची, तोवर एक निसटून लडीत हरवायचं. इतर बाया बोलता बोलता गाठी मारायच्या. "साहेबीणबाई आज विचारात दिसतात," एक जण म्हणाली. मोठी हसली. दुपारी बोटं सुटली की सकाळचं सगळं भरून काढायला ती जेवायलाही उठायची नाही.

मग तिने एक युक्ती केली. घंगाळातलं कढत पाणी एका बाटलीत भरून घ्यायचं, बाटलीला फडकं गुंडाळायचं आणि शालीखाली मांडीवर ठेवायची. हात शालीत, बोटं बाटलीला. सुटली की पटकन दोन गाठी मारायच्या आणि पुन्हा शालीत. चाललं काही दिवस. धाकटीच तिला बाटली भरून द्यायची, मुकादम पाठमोरा असताना. पण बुचाशी ओल धरायची, फडकं दमट व्हायचं आणि बोटांना लागलेली ती कोषांच्या पाण्याची ओल रेशमाला लागायची. ओलं असताना काही दिसत नसे. लडी वाळून गठ्ठ्यात बांधली गेली, गाठोडी मालकांकडे पोचली आणि तिथे ती उलगडली तेव्हा पांढऱ्या रेशमावर तांबूस ठिपके उमटलेले होते. एका लडीवर नव्हे, कितीतरी लड्यांवर.

मालक स्वतः आले. खोलीतल्या बाया भिंतीशी उभ्या राहिल्या. मुकादमाने डागाळलेल्या लड्या टेबलावर टाकल्या. कुणाच्या ते विचारायची वेळ आली नाही. मोठीच्या शालीतून बाटली निसटून खाली पडली आणि फरशीवर पाणी पसरलं. त्यातून थोडी वाफ निघाली.

"हे काय?" मालक म्हणाले.

"हात गार पडतात," मोठी म्हणाली.

"सगळ्यांचेच पडतात. एक गाठ मारून दाखव."

मुकादमाने दोन टोकं तिच्या पुढ्यात धरली. ती त्याच्याकडे बघत नव्हती. एक टोक तिने धरलं. दुसरं धरायला गेली, पहिलं सुटलं. पुन्हा धरलं. सगळी खोली तिच्या बोटांकडे बघत होती. सुजलेल्या पेरांकडे, वाकड्या होत चाललेल्या मधल्या बोटाकडे. किती वेळ गेला कुणास ठाऊक. शेवटी मुकादमानेच टोकं सोडून दिली.

"अगं, मग इतके दिवस..." त्याला खोकला आला. "तिकडे तर तू..."

"तिकडे पाणी गरम असतं," मोठी म्हणाली. "गरम पाण्यात चालतात. मला रोग आहे, पण गरम पाण्यात चालतात माझे हात. तुम्ही बघितलंय."

तिने ते आयुष्यात पहिल्यांदा घराबाहेर उच्चारलं. मालकांनी हात झटकला आणि ते बाहेर गेले. जाताना मुकादमाला म्हणाले, "तुझी माणसं तू बघ."

मुकादम बराच वेळ लड्या घडी करत राहिला. माणूस निर्दय नव्हता. "आधी बोलली असतीस तर," तो म्हणाला, "घंगाळावरून हलवलंच नसतं तुला. मला काय, काम झाल्याशी मतलब. तिथली जागा तूच भरलीस. आता तुझ्या जावेला उठवतेस तर बस जाऊन. मी मध्ये पडणार नाही."

मोठी शेडमध्ये आली. वाफ दाटली होती. चाकं फिरत होती. तिच्या घंगाळावर धाकटी बसली होती, बाह्या कोपरापर्यंत सारून. खोलीतली बातमी तिथे आधीच पोचली होती, हे सगळ्यांच्या गप्प बसण्यावरून कळत होतं. मोठी घंगाळाच्या या बाजूला उभी राहिली. मध्ये फक्त पाणी.

धाकटी आपणहून उठेल असं तिला वाटत होतं. घरात तसंच ठरलं होतं.

धाकटीने मान वर केली नाही. कुंच्याने पाणी ढवळलं. एक टोक वर आलं, ते तिने चाकावर चढवलं. दुसरं शोधू लागली. तिचे हात आता तयार झाले होते. साल निघून गेली होती आणि नवी, जाड कातडी आली होती. तिने आणखी एक टोक काढलं आणि आणखी एक. तिच्या गालावरून घाम वाहत होता, किंवा दुसरं काही असेल. फुंकरी पाण्यावर फुंकर घालायचं थांबली होती.

"धाकटे," मोठी म्हणाली.

"धागा तुटेल, जाऊबाई," धाकटी म्हणाली. "जरा बाजूला व्हा."

मोठी बाजूला झाली. शेडच्या दारापाशी तिने शाल डोक्यावरून घेतली. दाराची कडी घातलेली होती आणि ती तिच्या बोटांना निघेना. फुंकरीने उठून ती काढली.

घरी थोरला सरपण फोडत होता. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि कुऱ्हाड ओंडक्यात तशीच रुतवून ठेवली. म्हातारीने सगळं ऐकून घेतलं. मग चुलीतलं लाकूड पुढे सारत ती म्हणाली, "असो. जागा तर घरातच राहिली."

त्या रात्री वरणातलं तळचं घट्ट म्हातारीने धाकटीला वाढलं.

पुढे थंडी सरली, बागा पुन्हा लागल्या, पण थोरल्याला पुन्हा कुणी बोलावलं नाही. तो सरपणच विकू लागला आणि त्यातच म्हातारा झाला. धाकटा भाऊ खडीच्या कामावरून एकदा आला तो बायकोच्या कमाईवर घरीच राहिला. त्यांना दोन मुलगे झाले. ते मोठीने सांभाळले, ऊन चढल्यावर. म्हातारीला शेवटी दिसेनासं झालं. तिला मोठी भरवायची. घास तोंडापर्यंत न्यायला वेळ लागला की म्हातारी म्हणायची, "हात कुठे अडकला गं?" आणि मग तिला आठवायचं आणि ती तोंड उघडून वाट बघत बसायची. मुकादम खोकल्यानेच गेला. फुंकरीला कोरडी खोली मिळालीच नाही. मोठीच्या मुलीचं लग्न झालं, आणि लग्नाआधी म्हातारीने ज्याची धास्ती घेतली होती ते कुणी विचारलंही नाही. आता तिचीही बोटं सकाळी आखडतात. ती नवऱ्याला सांगते, झोपेत हात दबला.

धाकटी शेड बंद पडेपर्यंत तिथे होती. दोघी एका घरात राहिल्या, एका चुलीवर जेवल्या, आणि त्या दिवसाबद्दल कधी एक शब्द बोलल्या नाहीत. शेडचं सामान मोडीत निघालं तेव्हा धाकटीने तेच घंगाळ मागून घेतलं. डोक्यावरून घरी आणलं, चिंचेने लख्ख घासलं, गरम पाण्याने भरलं आणि सकाळच्या वेळी मोठीच्या पुढ्यात ठेवलं. ठेवून समोरच बसून राहिली.

मोठीने वाफेकडे पाहिलं. दोन्ही हात शालीत घेतले.

पाणी गार होईपर्यंत दोघी तशाच बसल्या. मग मोठीने पायानेच घंगाळ दाराबाहेर सरकवलं. पुढे कित्येक वर्षं कोंबड्या त्यातून पाणी प्यायच्या.